पलीकडचा काठ

झेल्नित्झ, ११ जानेवारी २०१५

प्रिय वोर्शा,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. सव्वीस वर्षं तू कार्डावर नुसती सही करत आलीस आणि या वर्षी सहीच्या वर चक्क एक वाक्य! "तळं भरलं असं टीव्हीवर दाखवलं, कसं आहे?" मी ते कार्ड स्वयंपाकघरातल्या कपाटाला टाचून ठेवलंय. येता-जाता वाचतो. सख्ख्या बहिणीने भावाला एक प्रश्न विचारला याचं एवढं अप्रूप वाटावं, असे आपण दोघं.

फोन केला असता, पण उपयोग नाही. बावीस वर्षं खाणीतल्या त्या यंत्राच्या घरघरीत बसून माझे कान कामातून गेले. उजव्या कानात मशीन घातलं की समोरच्याचं बोलणं कळतं, फोनवर मात्र सगळे बदकांसारखे बोलतात. म्हणून पत्र.

तर, तळं कसं आहे? मोठं आहे. माझ्या खिडकीतून पलीकडचा काठ दिसतो, पण तिथे माणूस उभा असला तर तो माणूस आहे की झुडूप ते दुर्बीण लावल्याशिवाय कळत नाही. भरायला दहा वर्षं लागली. श्प्रे नदीचं पाणी पाइपाने आणून सोडायचे, तेही नदीला पुरून उरलं तर. पहिल्या वर्षी कोळशाच्या खाणीच्या त्या खड्ड्याच्या तळाशी एवढंसं लालसर डबकं साचलं होतं. आम्ही खाणीतले जुने लोक रविवारी काठावर उभे राहून त्याची टिंगल करायचो. कुबिंक आठवतो ना, आमचा मुकादम? तो म्हणायचा, "हे भरेपर्यंत आपण सगळे जमिनीखाली." तो गेला बिचारा जमिनीखाली. मी राहिलो आणि पाणी वर आलं.

आता ऑगस्टमध्ये मी रोज सकाळी पोहतो. हसू नकोस. पासष्टाव्या वर्षी पोहायला लागलो, कारण त्याआधी आमच्याकडे बुडण्याइतकं पाणी होतंच कुठे? शिडाच्या होड्या येतात. हिवाळ्यात काठाला बर्फ धरतो आणि हंस त्यावर घसरून पडतात, ते बघत माझी अर्धी सकाळ जाते. आणि खिडकीची काच! आपल्या लहानपणी आई आठवड्यातून दोनदा कोळशाची काळी धूळ पुसायची, आठवतं? मी महिन्यातून एकदा पुसतो, आणि फडकं पांढरंच राहतं. या एका गोष्टीसाठी आईने इथे असायला हवं होतं असं फार वाटतं.

तळ्याला नाव येरेबिन दिलंय. आधी खाणीने आपलं गाव खाल्लं, मग तळ्याला त्याचं नाव दिलं. शेजारी एक फ्राऊ टीलमान म्हणून आहेत, श्टुटगार्टहून आल्या, पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात. त्या पाहुण्यांना सांगतात की वारा पडला की पाण्याखालून येरेबिनच्या चर्चची घंटा ऐकू येते. मी म्हटलं, "बाई, घंटा आम्ही शहाऐंशी सालीच उतरवून गाडीवर घालून नेली."

"पण पाहुण्यांना ऐकू येते हो!"

मी बहिरा माणूस. घंटेवरून कुणाशी काय वाद घालणार?

एकदा ये. खोली आहे, पलंग आहे. आता तूही एकटी, मीही एकटा.

तुझा,
हान्द्रोश


सासनित्झ, १ फेब्रुवारी २०१५

हान्द्रोश,

चाळीस वर्षं मी खऱ्या समुद्राकाठी राहते. माझ्या खिडकीतून स्वीडनला जाणारी जहाजं दिसतात. त्या बाईला तू खड्ड्यातल्या पाण्याचं कौतुक सांगतोस! तरी पत्र दोनदा वाचलं. हंसांचं तीनदा.

डेटलेफ जाऊन दोन वर्षं झाली. तू तेव्हा कार्ड पाठवलंस, आला नाहीस. मी बोलावलंही नव्हतं, म्हणून ते सोडून देऊ. घरात आता इतकी शांतता आहे की फ्रिज बंद पडला की दचकायला होतं. डिसेंबरात त्या शांततेतच टीव्ही लावून बसले होते आणि एकदम आपलं तळं दिसलं. लाल कोटातली एक मुलगी धक्क्यावर उभी राहून सांगत होती, "येरेबिन गाव या पाण्याखाली निजलं आहे." मी टीव्ही बंद केला, मग पुन्हा लावला. तोवर फुटबॉल सुरू झाला होता.

मग उठून काचेच्या कपाटातून अंडं काढलं. तुला ठाऊक नसेल की ते माझ्याकडे आहे. शहाऐंशीचा ईस्टर, त्या घरातला शेवटचा. मी रजा काढून आले होते. आई खिडकीपाशी बसून हंसाच्या पिसाच्या टोकाने अंड्यांवर मेण लावत होती, बाहेर भिंतींवर पाडायच्या घरांचे पांढरे आकडे रंगवत होते, आणि ती म्हणत होती, "त्यांचे आकडे बघ कसे वाकडे." निळं अंडं, कडेने लांडगेदातांची, म्हणजे टोकदार पांढऱ्या त्रिकोणांची रांग. आतला बलक सुकून एवढासा गोळा झालाय. हलवलं की खडखडतो. डेटलेफला मी त्या कपाटावरची धूळसुद्धा पुसू दिली नाही कधी.

हान्द्रोश, आईने ते घर सोडताना झाडून पुसून दिलं. पाडायच्या घराच्या खिडक्या धुतल्या तिने! आणि पुढची अडीच वर्षं शहरातल्या त्या पाचव्या मजल्यावर बसून घराबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी दरवेळी वाट बघायची की आता बोलेल. तिला बोलता आलं नाही, म्हणून मला काहीतरी करायचं आहे.

मी ईस्टरला येते. शुक्रवारी, तीन एप्रिलला. होडी मिळव. तू खाणीतला माणूस, तुम्हाला तिथली प्रत्येक जागा नकाशावर पाठ असायची. आपला उंबरा कुठे होता तिथे मला बरोबर ने. आईचं अंडं मी तिच्या दारात सोडणार. बस, एवढंच काम आहे. मग तुझे हंस दाखव.

वोर्शा


झेल्नित्झ, १५ फेब्रुवारी २०१५

प्रिय वोर्शा,

तू येतेस! मी पलंगाची चादर आत्ताच बदलली, दीड महिना आधी. फ्राऊ टीलमानना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला बहीण आहे?" चार वर्षं शेजारी राहतोय आम्ही.

फक्त एप्रिलमध्ये यायचं का, याचा जरा विचार कर. एप्रिलात इथे वारा फार असतो. धक्का नवा आहे आणि होड्या मे महिन्याआधी पाण्यात उतरवत नाहीत.

आणि अंड्याचं म्हणशील तर ते बुडणार नाही गं. आत सुकलेलं अंडं हलकं होतं, ते तरंगतं. तू उंबऱ्यावर सोडशील आणि ते वाऱ्याने निघेल फ्राऊ टीलमानच्या पाहुण्यांकडे. शिवाय आमचं पाणी अजून आंबट आहे. खाणीच्या मातीत गंधक असतं, त्याने पाणी आंबटतं. म्हणून एक होडी दिवसभर चुना शिंपडत फिरते. आंबट पाण्यात अंड्याचं कवच विरघळेल. आईची नक्षी विरघळलेली तुला बघवेल का?

आणि खाणीचे नकाशे जुने आहेत, मीही विसरलोय. अंदाजाने कुठेही नेऊन हेच दार म्हणणं काही बरं नाही.

त्यापेक्षा जुलैत ये. अंडं घरीच राहू दे, कपाटात सुरक्षित आहे. आपण पोहू, केक खाऊ. बाकी सगळं ठीक.

तुझा,
हान्द्रोश


सासनित्झ, २४ फेब्रुवारी २०१५

हान्द्रोश,

वारा. होडी. अंडं तरंगतं. पाणी आंबट. नकाशा विसरलो. पाच सबबी मोजल्या मी, आणि त्यातली प्रत्येक एकटी असती तर मी विश्वास ठेवला असता.

तू लहानपणीही असाच होतास. आजीचा बरणीतला मुरांबा संपवून आधी मांजराचं नाव घ्यायचास, मग मुंग्यांचं, मग म्हणायचास बरणी आधीपासून अर्धीच होती. मी येऊ नये असं वाटत असेल तर तसं सरळ लिही. एका ओळीत मावेल.

आणि नकाशा विसरलास? तू? जो माणूस बावीस वर्षं त्या खाणीत राबला? त्यांनी आपलं गाव अठ्ठ्याऐंशी साली खणलं आणि नव्वद साली खाण बंद केली. दोन वर्षं, हान्द्रोश. दोन वर्षं थांबले असते तर आईचं घर आज उभं असतं. आणि इतका मोठा खड्डा करून झाल्यावर तुम्हा लोकांना त्यात काय कुठे होतं तेही आठवत नाही.

मी एक गोष्ट इतकी वर्षं गिळून बसले आहे. ती बाहेर काढायला लावू नकोस. मला वाटलं होतं आपण दोघं म्हातारे झालो, आता तिची गरज पडणार नाही. तिकीट काढलं होतं, ते उद्या परत करते.

वोर्शा


झेल्नित्झ, १४ मार्च २०१५

प्रिय वोर्शा,

तीन आठवडे झाले. रोज टेबलाशी बसतो, तारीख घालतो आणि कागद चुलीत टाकतो. आज टाकणार नाही. वाचून झाल्यावर तुला जे करायचं ते कर.

आपलं घर पाण्याखाली नाही.

ती टीव्हीवरची मुलगी, फ्राऊ टीलमान, पर्यटकांची माहितीपत्रकं, सगळे म्हणतात गाव तळाशी निजलंय. धरणाखाली गाव जातं तसं त्यांना वाटतं, भिंती, चूल, सगळं जागच्या जागी आणि वर पाणी. खाणीत तसं नसतं. तुला आमचा पूल आठवतो ना, अर्धा किलोमीटर लांबीचा तो लोखंडी राक्षस? तो एका टोकाने जमीन खरवडायचा, पट्ट्यावरून माती खड्ड्याच्या वरून पार पलीकडे न्यायचा आणि दुसऱ्या टोकाने टाकायचा. मधे कोळसा उघडा पडायचा, तो काढायचे. आपलं घर जिथे होतं तिथे आज पाणी आहे हे खरं. पण त्या पाण्याखाली आपलं काहीच नाही. कोळशाच्याही खालची रेती आहे. आपला उंबरा ज्या उंचीवर होता तिथे आता हवा आहे, पाण्याच्या चार हात वर. तुला मी होडीतून कुठे नेणार होतो?

आपल्या अंगणाची माती पलीकडच्या काठावर आहे. नक्की कुठे ते मला ठाऊक आहे. नकाशा मी विसरलेलो नाही. आणि ते मला कसं ठाऊक, हे सांगावं लागेल म्हणून सगळ्या सबबी.

त्या दिवशी पुलावर मी होतो.

नाइलाजाने नव्हे. मागून घेतलं होतं. माझी त्या आठवड्यात दुपारपाळी होती. शुक्रवारी कुबिंककडे गेलो, म्हटलं, "मंगळवारची सकाळपाळी मला दे."

"वेड लागलं का तुला? मंगळवारी तुमचं अंगण येतंय पट्ट्यावर."

"म्हणूनच दे."

तो वहीकडे वळला. तिच्यात माझं नाव घातलं आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. पुढे कुणीच त्यावर बोललं नाही, मीही नाही. लोकांना काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे.

मी का मागितलं ते सांगतो, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरं त्यांनी आधीच पाडली होती. राहिलं होतं ते तळघर, पाया, आईचा भाजीचा वाफा. कुणीतरी ते पट्ट्यावर घालणार होतंच. ते कुठे जाऊन पडतं ते बघायला आपल्यातलं कुणी तरी असावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्या कुणाला ती नुसती माती वाटली असती.

त्या दिवशी सकाळी आईने नेहमीसारखा डबा भरला. मी तिच्याजवळच राहत होतो तेव्हा. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण गावातून सामान हलवलेल्या प्रत्येक बाईला खाण कुठवर आली ते ठाऊक असायचं. पाव, सॉसेज, आणि वर आपल्या वाफ्यातला ख्रेन किसलेला, ते मुळ्यासारखं तिखट मूळ, डोळ्यांतून पाणी काढणारं. येताना तिने मुळं सोबत आणली होती, बादलीत वाळू घालून बाल्कनीत ठेवली होती. डबा हातात देताना म्हणाली, "आज?"

मी म्हटलं, "आज."

ती म्हणाली, "सावकाश कर, हं."

एवढंच बोलली. मी सावकाश केलं, वोर्शा. पट्टा मला अडवता येत नव्हता, पण टाकणारं टोक माझ्या हातात होतं. पिवळ्या रेतीत आपली काळी माती लगेच ओळखू आली. तळघराच्या विटा आल्या. स्वयंपाकघरातली निळी फरशी आली, तुकड्या-तुकड्यांनी. मी ते टोक हलवलं नाही. सगळं एकाच ठिकाणी पडू दिलं, विखरू दिलं नाही. पुलाच्या पुढच्या टोकावरच्या माणसाने आरडाओरडा केला की ढीग उंच होतोय. मी म्हटलं, ऐकू येत नाही. तेव्हा येत होतं.

काठावर खुणेचे खांब असायचे. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी खांबाचा आकडा लिहिला. संध्याकाळी आईने डबा धुवायला घेतला, झाकण बघितलं आणि विचारलं, "इथे पडलं?" मी हो म्हटलं. तिने झाकण बाहेरून घासलं. आतून घासलं नाही. मग पाच महिन्यांनी ती गेली. तू लिहितेस की तिने घराबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझ्याजवळ काढलं होतं, आणि ते मी तुझ्यापासून लपवलं. त्याची लाज तर मला यंत्र चालवण्याहून जास्त वाटते.

खाण बंद झाल्यावर मी काठ सारखे करायच्या, झाडं लावायच्या कामावर होतो. शहाण्णव साली एका रविवारी त्या खांबापाशी गेलो. तिथे जायला बंदी आहे, 'जीवाला धोका' अशी पाटी आहे. पलीकडचा सगळा काठ भुसभुशीत भराव आहे, ओला झाला की पायाखालून वाहून जातो. बाकी सगळीकडे नुसती रेती आणि मी लावलेली खुरटी पाइनची झाडं. आणि मधेच, वोर्शा, हाताएवढ्या रुंद पानांचा ख्रेन. असा माजलेला! ते मूळ मरत नाही हे आई नेहमी म्हणायची. तेवढं सगळं उलटंपालटं होऊन, शेकडो टन रेतीतून ते वर आलं होतं. मी तिथे रेतीत बसून राहिलो बराच वेळ. मग एक मूळ उपटून आणलं. आज माझ्या अंगणात पाण्याच्या बाजूला त्याचाच वाफा आहे.

मग पाणी भरलं, तो काठ कायमचा बंद झाला. हे घर विकायला निघालं तेव्हा सगळे म्हणाले, उत्तरेच्या काठावर घे, तिथे दक्षिणेचं ऊन जास्त. मी हेच घेतलं. लोकांना वाटतं मी खिडकीत बसून पाणी बघतो. मी पलीकडचा काठ बघतो. मे महिन्यात दुर्बिणीतून पानं दिसतात.

तुझ्या मनात काय गिळलेलं आहे ते मला माहीत नाही. पण तू त्या घराला किती जपलंस ते माहीत आहे, आणि ते घर उचलून टाकणारा हात माझा होता. यानंतर तू कार्डावर सहीसुद्धा केली नाहीस तरी मी समजेन.

हान्द्रोश


सासनित्झ, २१ मार्च २०१५

हान्द्रोश,

तुझं पत्र बंदरावरच्या बाकावर बसून वाचलं. घरी उघडायचा धीर झाला नाही. वाचता वाचता एक सीगल येऊन माझ्या पिशवीतला पाव घेऊन गेला आणि मी त्याला घेऊ दिला. यावरून काय ते समज.

आता माझं ऐक. तू पुलावर होतास ते मला माहीत होतं.

आईच्या अंत्यविधीनंतर जेवायला बसलो होतो ना शहरातल्या त्या खानावळीत, तिथे कुबिंक माझ्या शेजारी होता. जरा घेतली होती त्याने. तो म्हणाला, "तुमचा भाऊ लोखंडी काळजाचा. अंगण खणायची पाळी मागून घेतली पठ्ठ्याने." त्याने वाईट हेतूने सांगितलं नसेल. त्यालाही ते कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचं असेल. तू समोर बसून आत्याला बटाटे वाढत होतास. मी तुझ्या हातांकडे बघितलं आणि मला तिथे बसवेना. त्या संध्याकाळच्याच गाडीने मी निघाले, तू म्हणालास "इतक्या लवकर?" आणि मी म्हटलं डेटलेफला बरं नाही. डेटलेफ ठणठणीत होता.

मला वाटलं तू बढतीसाठी केलंस. कधी वाटलं साहेबांना दाखवायला केलंस. एका वर्षी तर ठरवून टाकलं की तुला कशाचं काही वाटतच नाही. दरवर्षी कार्ड लिहायला घेतलं की नवं कारण शोधायची. का केलंस ते तुला विचारावं, हे एकदाही सुचलं नाही. सुचलं होतं, खोटं कशाला बोलू. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि मग रागावून बसता आलं नसतं.

सव्वीस वर्षं, हान्द्रोश. दोघांनी मिळून घालवली. तुझी निम्मी, माझी निम्मी.

आणि आईला माहीत होतं. तू तिला घाबरत नव्हतास आणि ती तुला दोष देत नव्हती. तिने झाकण आतून घासलं नाही, हे वाक्य मी बाकावर मोठ्याने वाचलं. शेजारचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बरं आहे ना तुमचं?" मी म्हटलं, "आज बरं आहे."

तिकीट परत केलंच नव्हतं. खिडकीपर्यंत गेले होते, रांग मोठी होती. शुक्रवारी तीन तारखेला दुपारी दोन-चाळीसला गाडी तुमच्याकडे पोचते.

होडी नको. अंडं मी आणते आहे. आई वसंतात शेताच्या कोपऱ्यात एक अंडं पुरायची, पीक नीट यावं म्हणून, आणि आपण ते उकरायला जायचो आणि तू पकडला जायचास. तेच करू. तुझ्या अंगणातल्या ख्रेनच्या वाफ्यात पुरू. तिथे ते तरंगणारही नाही आणि विरघळणारही नाही, म्हणजे तुझ्या दोन सबबी निकालात निघाल्या.

रविवारच्या नाश्त्याला ख्रेन तूच किस. मी समोर बसेन. डोळ्यांतून पाणी आलं तर दोघांनाही सांगायला कारण राहील.

वोर्शा

ता.क. त्या डब्याचं झाकण आहे का अजून?


झेल्नित्झ, २६ मार्च २०१५

प्रिय वोर्शा,

आहे. कपाटात, तुझ्या कार्डाच्या मागे. आकडा पुसट झालाय पण वाचता येतो.

वाफ्यात लाल कोंब वर आले आहेत. किसणी घासून ठेवली. चादर पुन्हा बदलली. फ्राऊ टीलमाननी विचारलं, "बहीण किती दिवस राहणार?" मी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं.

शुक्रवारी दोन वाजल्यापासून मी फलाटावर असेन. हाक मारू नकोस, ऐकू येणार नाही. हात हलव. एका हातात अंडं असेल, म्हणून दुसरा हलव.

आणि आमच्या फलाटाची पायरी उंच आहे. सावकाश उतर, हं.

हान्द्रोश